परत येण्याची हमी, राहण्याचा हक्क

शिकायला परदेशी गेलेल्या माणसाला मराठी समाजाने गेल्या दीडशे वर्षांत तीन प्रश्न विचारले. पहिला, ‘बाटशील का?’ दुसरा, ‘परत येशील का?’ आणि तिसरा, अगदी अलीकडचा, ‘पी.आर. झाला का?’ तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण त्यांची जात एक आहे. तिन्ही विचारणाऱ्याच्या सोयीचे आहेत. ज्याला विचारले, त्याचा स्वतःचा प्रश्न यांत कुठेच नाही. तो प्रश्न असा : ‘मी जिथे शिकलो, राबलो, कर भरला, तिथे राहण्याचा मला हक्क आहे का? असेल तर तो कशाने मिळतो?’ हा प्रश्न आमच्या साहित्यात फारसा आला नाही आणि वऱ्हाडातल्या ओसरीवर तर मुळीच नाही. तो का आला नाही, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

मी विद्यापीठीय संशोधक नाही. अकोल्याच्या तहसील कचेरीबाहेर तीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसलो. वाचनाचा नाद तिथेच, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी लागला. त्यामुळे साहित्याचे अभ्यासक ज्यांना साहित्य मानत नाहीत असे कागद मी बारकाईने वाचत आलो. प्रतिज्ञापत्र, दाखला, सभागृहाचे इतिवृत्त यांतही माणूस बोलत असतो. कित्येकदा कादंबरीपेक्षा मोकळा बोलतो. या लेखाच्या मध्यभागी असाच एक मजकूर आहे. ऑगस्ट १९४९मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तिच्यात अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी केलेले भाषण. ते भाषण करणारा माणूस स्वतः एकेकाळी परदेशी शिकणारा विद्यार्थी होता. म्हणून ते वाचणे मला अगत्याचे वाटते.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न आनंदीबाई जोशींना विचारला गेला. १८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी आपण अमेरिकेला का जातो याचे इंग्रजीतून जाहीर उत्तर दिले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली. परदेशी शिक्षणाच्या आमच्या इतिहासातले हे पहिले हमीपत्र म्हणायला हरकत नाही. त्यांनी ते पाळले. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात पदवी घेतली, परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मात्र थिओडोसिया कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’पर्यंत आपण या बाईला नवरा, समाज आणि विद्या या तिढ्यात वाचले. परक्या देशातल्या एका घराने तिला आपल्या कुळात जागा दिली, या गोष्टीचा अर्थ काय, हे फारसे विचारले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत नावाजलेले नाटक म्हणजे जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’. सत्तरच्या दशकात ते आले. नाना-नानी, त्यांचे रिकामे घर, अमेरिकेत राहिलेला मुलगा. ते पाहून रडला नाही असा मध्यमवर्गीय प्रेक्षक विरळा. त्या अश्रूंवर माझा आक्षेप नाही. पण नाटकाचा काळ ध्यानात घ्या. अमेरिकेने १९४६च्या कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याची मुभा दिली आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा ठरवला. तो कोटा मोडला १९६५च्या कायद्याने. म्हणजे कायमचे राहता येणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी आणि हे नाटक, यांच्यात जेमतेम आठ-दहा वर्षांचे अंतर. एक कायदा बदलला आणि हजारो घरांची रचना बदलली. नाटकात मात्र ते सगळे एका मुलाच्या मायेच्या तराजूत तोलले जाते. मुलगा बहुतेक पत्रांतून भेटतो. त्याने तिकडे काय सोसले, त्याची बाजू काय, हे आपल्याला कळत नाही, आणि कळावे असे वाटतही नाही. न येणे म्हणजे माया आटणे, हे समीकरण तिथून मराठी मनात पक्के झाले.

आमच्या भागाचे नाटककार महेश एलकुंचवार यांनी ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) हेच दुखणे अधिक खोल नेले. तिथे मुंबईला जाणे हेच परदेशगमन आहे. धरणगावच्या देशपांड्यांत गेलेला आणि राहिलेला, दोघेही एकमेकांचे देणेकरी आहेत आणि दोघांनाही ते फेडता येत नाही. पुढच्या नाटकांतला अभय तर देशच सोडतो. एलकुंचवारांचे मोठेपण हे की, गेलेल्याला ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. वाडाच कोसळतो आहे, हे ते आधी दाखवतात. तरीही तिथला हिशेब वाड्याचा आहे. गेलेला ज्या मुलखात गेला, तिथल्या दाराशी त्याचे काय झाले, हा त्या नाटकांचा विषय नाही.

तिसरा प्रश्न अजून साहित्यात नीट उतरायचा आहे, पण परिचय मेळाव्यांच्या पुस्तिकांत तो छापून येतो. ‘मुलगा कॅनडात, पी.आर.’ ही ओळ आता ‘वीस एकर ओलीत’ या ओळीच्या वर गेली आहे. ज्या तोंडांनी काल ‘पोट्टं तिकडंच राह्यलं, आता कायच्या कामाचं?’ म्हटले, तीच तोंडे आज ‘पी.आर. नाई झाला अजून? मंग काय फायदा?’ असे विचारतात. काल राहणे हा गुन्हा होता, आज राहता न येणे हा गुन्हा आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात परदेशी शिक्षणाच्या पाट्या वाचत उभे राहिले की हा बदल डोळ्यांनी दिसतो. दोन्ही वेळा शिक्षा पोरालाच.

वऱ्हाडचा स्वतःचा अधिवास

आमच्या मुलखातून शिकायला परदेशी गेलेल्यांची तीन नावे घेतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४चा, रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीस. १९०६मध्ये ते अमेरिकेला गेले, कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर अभ्यास करून डॉक्टर झाले आणि परत येऊन त्यांनी ज्ञानकोश उभारला. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि १९१३च्या गदर चळवळीत उतरले. तिसरे पापळचे पंजाबराव. एडिनबरो, ऑक्सफर्ड करून ते १९२६च्या सुमारास परतले; वैदिक वाङ्मयातील धर्मावरचा त्यांचा ग्रंथ १९३३मध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने काढला. १९३२मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कुणब्यांच्या पोरांना अमरावतीतच कॉलेजचे दार उघडले.

आपल्या रूढ तराजूत केतकर आणि पंजाबराव ‘परत आलेले’, म्हणून थोर. खानखोजे तीसेक वर्षे मेक्सिकोत राहिले, म्हणून विस्मृतीत. पण खानखोजे राहिले की त्यांना राहावे लागले? गदरवाल्याला ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात पाय ठेवायची सोय नव्हती. अमेरिकेचे दारही लागत गेले. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरवला, फक्त विद्यार्थ्यांसारख्या थोड्यांसाठी फट ठेवली. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी, १९२४मध्ये, खानखोजे मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांच्या मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने भिंतीवर रंगवलेल्या भाकरी वाटण्याच्या प्रसंगात त्यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते आले आणि २२ जानेवारी १९६७ला नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र मराठीत आणले नसते तर आपल्याला एवढेही ठाऊक नसते. या माणसाला ‘परत का आला नाहीस?’ असे विचारणे म्हणजे कुलूप लावून ‘आत का येत नाहीस?’ असे विचारणे आहे.

आणखी एक गोष्ट. या सगळ्या काळात खुद्द वऱ्हाड कोणाचे होते? १८५३च्या तहाने निजामाने ते इंग्रजांकडे सोपवले आणि १९०२च्या कराराने कायमच्या पट्ट्याने दिले. कारभार इंग्रजांचा, मालकी नावाला निजामाची. कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड ब्रिटिश हद्दीत नव्हतेच. म्हणून कायदेमंडळात वऱ्हाडचे लोक निवडून आले तरी कागदोपत्री त्यांना ‘नेमलेले’ दाखवावे लागे. आपण ज्या मातीत जन्मलो तिचे कूळ एक आणि मालक दुसरा, ही भानगड आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने रोज पाहिली. पंजाबरावांच्या भाषणाशी तिचा धागा मी जोडतो आहे. पण नागरिकत्व हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला जितका सरळ वाटला असेल, तितका तो वऱ्हाडी माणसाला वाटणे कठीणच होते.

पंजाबरावांचे भाषण

आता त्या भाषणाकडे. १० ते १२ ऑगस्ट १९४९ असे तीन दिवस सभेत नागरिकत्वावर खल झाला. मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या क्वचितच कोणत्या कलमाने दिली असेल, अशा अर्थाचे डॉ. आंबेडकर सुरुवातीलाच बोलले होते. बाहेर फाळणीचे लोंढे अजून थांबले नव्हते. पंजाबराव उठले आणि त्यांनी मसुद्यावर घाव घातला. हे कलम असेच राहिले तर भारताचे नागरिकत्व जगातले सर्वांत स्वस्त नागरिकत्व होईल, असे त्यांचे म्हणणे. उदाहरण त्यांनी चटकन मनात भरणारे घेतले. प्रवासातले एक जोडपे मुंबईच्या बंदरावर काही तास थांबते, बाई तिथे बाळंत होते. एवढ्यावर त्या मुलाला भारताचे नागरिकत्व द्यायचे काय? पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही त्यांना ढिली वाटत होती. त्यांची दुरुस्ती अशी की, जो धर्माने हिंदू वा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा.

हे भाषण आजच्या पक्षीय भांडणात ओढून कोणी मिरवते, कोणी झोडपते. मला ते एक मजकूर म्हणून वाचायचे आहे. त्याचे बळ आधी सांगतो. परदेशांत विखुरलेल्या भारतीयांची काळजी त्यात आहे. ज्यांना कुठलाच देश आपला म्हणत नाही, त्यांना किमान एक दार उघडे असावे, ही त्यामागची कळकळ खरी आहे. संविधानाच्या आठव्या कलमाने, बाहेर राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला वकिलातीत नोंद करून नागरिक होण्याची वाट दिली. त्या वाटेवर धर्माची अट नाही. म्हणजे पंजाबरावांची काळजी सभेने घेतली, त्यांची चाळणी घेतली नाही.

दुबळी जागा उदाहरणात आहे. बंदरावरची बाळंतीण श्रोत्यांना पटते, पण ती मसुद्याला लागू पडत नाही. मसुद्यात जन्माच्या आधी आणखी एक शब्द होता, तो म्हणजे अधिवास. भारतात अधिवास हवा, आणि शिवाय जन्म किंवा आई-बापांचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक काहीतरी हवे. तासाभरासाठी थांबलेल्या जोडप्याचा अधिवास इथला कसा होईल? अधिवास म्हणजे नुसते राहणे नव्हे. राहण्याच्या इराद्याने राहणे. पंजाबराव बॅरिस्टर होते, त्यांना हा भेद ठाऊक नसेल असे मी म्हणणार नाही. तो शब्द त्यांना पुरेसा भक्कम वाटला नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. वादात भय दाखवायचे असेल तर माणूस नेहमी टोकाचे उदाहरण घेतो, आणि मग कायदा टोकावरच्या एकासाठी लिहिला जातो, मधल्या हजारांसाठी नाही.

सभेत दुसरा आवाजही होता. एप्रिल १९४७मध्येच सरदार पटेलांनी सांगितले होते की, राष्ट्रीयत्वाच्या दोन कल्पना जगात आहेत, एक रुंद आणि एक अरुंद. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तिथले नागरिकत्व मागतो, तेव्हा घरी अरुंद कल्पना धरणे शोभत नाही. माझ्या मते त्या सबंध चर्चेतला हा सर्वांत टिकाऊ युक्तिवाद. त्यात उपकाराची भाषा नाही. जे माप तिकडे मागतो तेच इकडे लावू, एवढेच त्यात आहे.

पंजाबरावांची दुरुस्ती सभेत टिकली नाही. पण कायदा पुढे त्यांच्या दिशेने सरकत गेला. १९५५च्या कायद्यात जन्माने नागरिकत्व होते. १ जुलै १९८७पासून आई-बापांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, असे झाले. २०१९च्या दुरुस्तीत तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मसमूहांसाठी वेगळी वाट निघाली. हे बरे की वाईट, याचा निवाडा वाचकांनी करावा. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘स्वस्त’ हा शब्द त्या सभेत हरला आणि पुढच्या सत्तर वर्षांत जिंकत आला.

हा शब्द जिंकला तो एकट्या भारतात नाही.

सातबारा दोन फायलींत

माझ्या टेबलावर गेल्या पंधरा वर्षांत एक नवे काम आले, परदेशी जाणाऱ्या पोरांचे कागद. बाप बाळापूर, अकोट, दर्यापूर, अंजनगाव कुठलाही असो, फाइल सारखीच. ऐपतीचा दाखला, आठ-अ, सातबारा, प्रतिज्ञापत्र. सातबारा कशाला? तर पोराची मुळे इकडे आहेत, शिक्षण आटोपले की ते परत येणार, हे व्हिसा देणाऱ्याला पटावे म्हणून. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची तर ही रीतच आहे. परत जाण्याचा इरादा सिद्ध करायचा. इथे अधिवासाची व्याख्या नेमकी उलटी होते. नागरिक व्हायचे तर राहण्याचा इरादा हवा, आणि विद्यार्थी व्हायचे तर न राहण्याचा.

आता दुसरी फाइल, कर्जाची. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण घेत नाहीत. मग गावठाणातले घर किंवा शहरातला प्लॉट तारण पडतो, नाहीतर दोन एकर विकले जाते. चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज सोयाबीन-कपाशीवर फिटत नाही, हे बापालाही कळते आणि बँकेलाही. ते फिटते तिकडच्या पगारावर. म्हणजे एकाच शेताचा सातबारा एका फायलीत सांगतो की पोरगा परत येईल, आणि दुसरी फाइल सांगते की तो काही वर्षे परत आला नाही तरच हे घर वाचेल. दोन्ही फायलींवर सही त्याच बापाची. पोराला खोटे बोलायला शिकवणारी शाळा ही, आणि आपण सगळे तिचे मास्तर. विद्यापीठे जाहिरातीत कामाचा परवाना दाखवतात, वकिलात परतीचा इरादा विचारते, नातेवाईक पी.आर. विचारतात.

बाहेरच्या मुलखांतले जनमत या दरम्यान फिरले. २०२३-२४मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली; चीनला मागे टाकून आपण पहिले आलो. त्याच जानेवारीत, २०२४मध्ये, कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर पहिल्यांदा मर्यादा घातली आणि नवे परवाने सुमारे ३५ टक्क्यांनी घटवायचे ठरवले. कारण सांगितले घरांच्या टंचाईचे. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार नि मुले सोबत आणण्याची बंदी केली. अमेरिकेत नोकरीच्या आधारावरची कायम वास्तव्याची पत्रे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला त्यांतली ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. म्हणून भारतीयाची रांग काही दशकांची. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. टोरांटोच्या किंवा लंडनच्या माणसाचे म्हणणे काय आहे? ‘आमचे नागरिकत्व स्वस्त झाले; शिक्षण हे निमित्त, राहणे हाच हेतू.’ हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. बंदरावरच्या बाळंतिणीच्या जागी आता गल्लीतले बनावट कॉलेज आले, एवढाच फरक. टोक तिथेही खोटे नाही. बनावट प्रवेश झाले आहेत. पण चाळणी लागते ती मधल्या हजारांना, आणि त्यांत पापळ-दर्यापूरची पोरे आहेत. पंजाबरावांचे नातू-पणतू शोभतील अशी पोरे आज पंजाबरावांच्या युक्तिवादाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत.

कूळ

मग कोणते माप लावावे? मला ते आमच्याच मातीत सापडते. १ एप्रिल १९५७ हा राज्यातल्या मोठ्या भागात कृषक दिन ठरला; विदर्भासाठी कुळांचा वेगळा कायदा १९५८चा. त्यामागचे तत्त्व साधे. जो मालकाच्या संमतीने जमिनीत उतरला, वर्षानुवर्षे कसत राहिला, त्याचा घाम त्या जमिनीत मुरला. केवळ तो ‘दुसऱ्याचा’ आहे म्हणून त्याला हाकलता येणार नाही. मालकांनी त्यावर काय तोड काढली, हे जुने पेरेपत्रक चाळणाऱ्याला ठाऊक आहे. दरवर्षी कूळ बदलायचे. नाव लागू द्यायचे नाही. ठोक्याने द्या, बटईने द्या, तोंडी द्या, पण कागदावर येऊ देऊ नका. म्हणजे कष्ट कायमचे आणि कष्टकरी तात्पुरता.

तात्पुरत्या परवान्यांची आजची जागतिक रचना मला या पेरेपत्रकासारखी दिसते. फी पूर्ण घ्यायची, स्थानिक मुलापेक्षा कित्येक पटींनी घ्यायची. रात्रपाळीची, गोदामातली, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेची कामे करून घ्यायची. आणि नाव लागायची वेळ आली की नियम बदलायचा. प्रत्येक देशाला आपल्या दाराचा नियम ठरवण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. शिकायला आलेल्या प्रत्येकाला राहू दिलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. शेत पाहायला आलेला प्रत्येक जण कूळ होत नसतो. किती जणांना घ्यायचे, ते पेरणीआधी ठरवा. पेरणी झाल्यावर धुरा सरकवणे याला आमच्याकडे एकच नाव आहे, आणि ते चांगले नाही.

कुळाचा दाखला आपल्याही अंगाशी येतो, आणि यायलाच हवा. परदेशात नाव लागावे म्हणून झुरणारा आपला समाज आपल्याकडे आलेल्याचे नाव कसे लावतो? शीलवती केतकरांची गोष्ट घ्या. मूळची एडिथ कोन, जर्मन ज्यू घरातली बाई. ज्ञानकोशकारांशी लग्न करून १९२०मध्ये ती इथे आली, तेव्हा तिला व्रात्यस्तोम विधी करून हिंदू करून घेण्यात आले. विंटरनित्सचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास तिने जर्मनमधून इंग्रजीत आणला. मराठी शिकली आणि मराठीत आत्मकथा लिहिली, तिचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. त्या नावातच तिची अवस्था दिसते. दुसरे कोणी सांगेना, म्हणून. आनंदीबाईंना तिकडच्या एका घराने धर्म न विचारता आपल्या कुळाच्या जागेत घेतले. एडिथबाईंना इकडे आधी विधी करावा लागला. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की पटेलांचे ते माप आठवते.

आज भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी सरकारी पाहणीनुसार २०२१-२२मध्ये सुमारे ४७ हजार होते. सर्वांत जास्त नेपाळचे, मग अफगाणिस्तानचे. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडले तेव्हा इथल्या अफगाण मुलांपुढे परतायला देशच उरला नाही. त्यांना मुदतवाढीच्या पलीकडे आपल्या कायद्यात शिक्षणातून वास्तव्याकडे जाणारी वाटच नाही. नैसर्गिकीकरणासाठी बारा वर्षांचे वास्तव्य दाखवायचे, आणि विद्यार्थ्याचा परवाना मुदतीचा. आपल्याच राज्यात अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षे लागतात. तो अर्ज मी हजारदा लिहिला आहे. बिहारच्या मजुराच्या पोरीचा तो अर्ज लिहिताना मागे रांगेत उभा असलेला सद्‌गृहस्थ ‘हे इथंच बसले आता’ असे पुटपुटतो, आणि त्याच्या हातात असते पोराच्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठीचा ऐपतीचा दाखला. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिले. तो माणूस वाईट नाही. त्याला आपल्या दोन हातांतले दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायची सवय कोणी लावलेली नाही.

ती सवय लावणे हे साहित्याचे काम होते. मराठी लेखकाने परदेशी गेलेल्याचे घर दाखवले, आईचे डोळे दाखवले, पुष्कळ चांगले दाखवले; कागद दाखवला नाही. कागद रुक्ष असतो असा आपला समज. पण गेल्या शंभर वर्षांत मराठी कुटुंब कुठे तुटणार आणि कुठे जुळणार, हे मायेपेक्षा जास्त कागदाने ठरवले. १९१७, १९२३, १९४६, १९६५ या सनावळ्या ‘संध्याछाया’च्या न लिहिलेल्या अंकाच्या सनावळ्या आहेत. दळवींचा मुलगा आला नाही, हे आपण जाणतो. आज एखाद्याची आई अकोल्यात वारते आणि पोरगा येत नाही, कारण परवाना नूतनीकरणात अडकलेला असतो आणि देश सोडला तर परत शिरता येत नाही. त्याच्या न येण्याला कोणती माया आटणे म्हणायचे? आणि त्याने तिकडचे नागरिकत्व घेतलेच, तर आपला नागरिकत्वाचा कायदा नवव्या कलमाने इकडचे काढून घेतो. मग ओसीआय कार्ड मिळते. त्यावर वडिलांचे शेत वारशाने येईल, पण शेजारचा एकर विकत घेता येणार नाही. वऱ्हाडी माणसाला परकेपणाची याहून नेमकी व्याख्या लागत नाही.

पंजाबरावांना मी लहान करायला बसलो नाही. त्यांच्या संस्थेच्या वर्गांतून माझ्या नात्यागोत्यातली पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांचे नाव मिरवते ते योग्यच आहे. परदेशी शिकून आलेल्या माणसाने बहुजनांच्या पोरांसाठी दार उघडले, ही त्यांच्या आयुष्याची कमाई. नागरिकत्वाच्या भाषणात मात्र दाराचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी चाळणी पुढे केली. या दोन पंजाबरावांपैकी आपण कोणाचा वारसा घ्यायचा, हे त्यांच्या जयंतीच्या भाषणात कोणी सांगत नाही; ते आपले आपण ठरवायचे आहे. मी पहिल्याचा घेतो. परदेशी पोरासाठी जे माप मागायचे, तेच आपल्या गावात राहायला आलेल्या पोराला लावायचे. आणि पोराला प्रश्न विचारायचाच असेल तर चौथा विचारायचा : ‘तुझं नाव तिकडं लागलं का नाही ते राहू दे बापू, तू आमच्यापाशी खरं बोलू शकतेस का?’ एवढे विचारणारा बाप, एवढे विचारणारे नाटक, मला अजून वाचायचे आहे.